बारकी आली?

चोवीस वर्षं मी मुलींच्या वसतिगृहाच्या गेटवर बसले, आणि या चोवीस वर्षांत एकाही मुलीला ‘जाते’ म्हणू दिलं नाही. "मावशी, जाते हं," असं कोणी म्हटलं की मी पेन उचलून धरायची. वेळ लिहायचीच नाही. "काय म्हणालीस?" मग ती पोरगी डोळे फिरवणार, मैत्रिणीला कोपर मारणार आणि म्हणणार, "बरं बाई, येते!" मग लिहायची. विज्ञान शिकणाऱ्या पोरी वाद घालायच्या, मावशी, शब्दांनी काय होतं? मी म्हणायची, माझा नवरा एका सकाळी ‘जातो’ म्हणाला आणि गेला. मेला नाही हो! दुसऱ्या गावी दुसरीबरोबर मजेत नांदतोय. पण ‘येतो’ म्हणाला असता, तर निदान मला त्याला खोटारडा तरी म्हणता आलं असतं. पोरी खिदळायच्या आणि मलाही बरं वाटायचं.

खोटारडा हा शब्द मी तेव्हा फार सहज वापरायची.

गेटला लागूनच माझी खोली होती. एक खाट, एक शेगडी, भिंतीला एक फळी, आणि खिडकी तीही गेटकडेच उघडणारी. खिडकीत टेबल, टेबलावर वायरला चिकटपट्ट्या लावलेला फोन, आणि रजिस्टर. पेन सुतळीने बांधलेलं, कारण पुढे जाऊन डॉक्टर-वकील व्हायच्या असल्या तरी पेन पळवण्यात सगळ्या आधीच पदवीधर. ती खोली नोकरीबरोबर मिळाली होती. नोकरी गेली की खोलीही जाणार, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझं म्हणून दुसरं घर नव्हतं. बहीण होती, पण बहिणीच्या घरात तिचा नवरा, तिची सासू आणि तिचं तोंड, तिन्ही होती.

रजिस्टरात नाव, कुठे गेली, गेल्याची वेळ, आल्याची वेळ आणि सही. रोज साडेआठ, शनिवारी अकरा. अकरानंतर आली की लाल शेरा. तीन लाल शेरे झाले की घरी पत्र. माझ्या नाकावर राग, त्यामुळे पोरी मला वचकून असायच्या. पण खरं सांगते, त्या लाल पेनाची शाई माझ्याकडे कधी संपली नाही. मी ओरडायची खूप आणि लिहायची थोडं.

आणि आता माझी पद्धत सांगते, कारण सगळं तिथेच आहे. शनिवारी पावणेअकरा ते अकरा या पंधरा मिनिटांत पन्नास-साठ पोरी एकदम यायच्या. कोणाची चप्पल तुटलेली, कोणाचा घसा बसलेला, कोणी रडून आलेली, कोणी हसून. प्रत्येकीची वेळ बघून लिहायची म्हणजे पहाट झाली असती. म्हणून मी सरसकट ‘दहा पंचावन्न’ लिहायची. सह्या दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यायची. रजिस्टर कसं नेटकं दिसायचं! रेक्टरबाई दर वर्षी त्याचं कौतुक करायच्या, आणि मीही मान खाली घालून ऐकून घ्यायची.

बारकी पहिल्या वर्षाला आली तेव्हा मी तिला कोणाची तरी धाकटी बहीण समजले होते. चणीने एवढीशी आणि आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरून हाक मारली तर रस्त्यावरचा माणूस वळून बघेल. कायम उशिरा. दोन लाल शेरे तिच्या नावावर आधीच लागले होते, आणि तेही मी तीन-चारदा सोडून दिल्यानंतर. तिची मैत्रीण चष्मा. तिचं खरं नाव रजिस्टरात होतं, पण सगळे चष्माच म्हणायचे. ती पक्की काळजीवाहू. बाहेर जायच्या आधी दोघींचे फोन चार्ज आहेत का बघणार, परतीचे पैसे वेगळ्या खिशात ठेवायला लावणार, कपाटाच्या दारावर कागद चिकटवलेला: ‘दोघी गेलो तर दोघीच येणार.’ बारकी तिला पोलीसबाई म्हणायची. "मावशी, हिला तुमच्या जागी बसवा," म्हणायची, "एक मुंगीसुद्धा उशिरा येणार नाही."

त्या शनिवारी सहामाही परीक्षा संपल्या होत्या. गावाच्या मध्यावर मोठा हॉल आहे, तिथे गाण्याबजावण्याचा कार्यक्रम होता. वसतिगृहापासून चालत पंधरा मिनिटं. जवळजवळ सगळ्याच गेल्या. चष्मा आणि बारकी जाताना एका सुरात, मुद्दाम लांबवून, "येऽऽतो, मावशी!" म्हणाल्या. मी रजिस्टर उगारलं. हे मला अजून तसंच्या तसं दिसतं.

चुकामूक कशी झाली ते नंतर कळलं. ‘साडेदहाला दाराशी भेटू’ असं दोघींचं ठरलं होतं. हॉलला दारं दोन. एक या दाराशी उभी, एक त्या दाराशी. बारकीच्या फोनचं चार्जिंग संपत आलेलं, चष्माचा फोन गर्दीत लागत नव्हता. पावणेअकराला माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

"मावशी, मी बारकी! आलेच हं! गेट लावू नका, आलेच!"

आणि कट.

आलेच. आपण रोज म्हणतो. स्वयंपाकघरातून हाक आली तर अंथरुणात पडूनसुद्धा म्हणतो, आलेच. अजून पाऊलही उचललेलं नसतं आणि तोंडाने आपण पोचलेले असतो. मला हे कळत नव्हतं असं नाही. पण माझ्या मनात आलं, तिसरा शेरा लागला तर कार्टीच्या घरी पत्र जाईल, तिची आई हाय खाईल. येतेच आहे तर लिहून टाकू. आणि मी पेन उचलून तिच्या नावापुढे लिहिलं, दहा पंचावन्न. निळ्या शाईत. मायेपोटी केलं, असं मी कितीदा तरी स्वतःला सांगितलंय. माया होतीच. पण जोडीला आळसही होता, तोही सांगायला हवा.

मग लोंढा आला. मी लिहितेय, ओरडतेय, ‘हळू गं, गेट मोडाल.’ आणि त्यातून धावत, धापा टाकत चष्मा आली. एकटी. डोळ्यांवरच्या काचा वाफाळलेल्या, केस विस्कटलेले. खिडकीला धरून तिने विचारलं, "मावशी, बारकी आली?"

मी रजिस्टरात बघितलं. दहा पंचावन्न. माझंच अक्षर. आपल्या हातचं लिहिलेलं कोण खोटं मानतं?

"आली," मी म्हटलं.

"पण तिचा फोन बंद येतोय."

"चार्जिंग संपलं असेल. झोपलीही असेल एव्हाना. जा तू, गर्दी करू नकोस."

ती उभी राहिली क्षणभर. तिने मागे रस्त्याकडे बघितलं. मी ‘नाही’ म्हटलं असतं ना, तर ती त्याच पावली उलटी पळत सुटली असती. मी ओळखत होते तिला. पण मी ‘आली’ म्हटलं होतं. तिने सुटकेचा श्वास सोडला, मग तिला राग आला, ‘न सांगता एकटीच आली, बघतेच उद्या’ असं पुटपुटत ती वर गेली. बारकीची खोली तिसऱ्या मजल्यावर, दिवा बंद. तिची खोलीतली सोबतीण घरी गेलेली. चष्माने दार वाजवलं नाही. रुसली होती ती. आणि रुसायचं कारणही मीच दिलं होतं.

बारकी तेव्हा अर्ध्या रस्त्यात होती. हॉलपासून तिच्या मागे कोणीतरी चालत होतं. ती थांबली की थांबायचं, ती चालली की चालायचं. तो माणूस कोण होता, की घाबरल्या जिवाला तसं वाटलं, आजवर कळलेलं नाही. तिने पाय उचलला, मग पळाली, आणि दिव्याचा रस्ता सोडून जिथे पाइपांचं खोदकाम चाललं होतं तिथे पत्र्याच्या फटीतून आत घुसली. पलीकडे खड्डा होता, दोन पुरुष खोल. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. तिचा तो आवाज, तिसऱ्या मजल्यावरून रस्त्यावर पोचणारा, पहाटेपर्यंत पुरला नाही. सकाळी साडेसहाला कामगार आले तेव्हा ती नुसते ओठ हलवत होती. साडेसात तास. शोधायला कोणी गेलं नाही, कारण रजिस्टरप्रमाणे ती आपल्या खोलीत झोपली होती.

सोमवारी रेक्टरबाईंनी मला आणि चष्माला बोलावलं. रजिस्टर उघडं ठेवलेलं.

"हे दहा पंचावन्न कोणी लिहिलं?"

"मी."

"मुलगी डोळ्यांनी बघितली होतीत?"

माझ्या डोळ्यांपुढे माझी खाट आली. खरंच सांगते, बारकी नाही आली, खाट आली. शेगडी, फळी, खिडकी. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. आणि माझ्या तोंडून शब्द निघाले, "ही म्हणाली ना मला. खिडकीशी येऊन म्हणाली, बारकी आली. म्हणून लिहिलं."

चष्माने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दुसऱ्याच भाषेत बोलले होते.

"नाही, मावशी! मी विचारलं. मी विचारलं, बारकी आली?"

रेक्टरबाईंनी आपल्या डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे ‘बारकी आली’ हेच शब्द होते ना तुझे?"

"हो, पण मी..."

"‘आली का’ असं विचारलंस?"

"का नाही म्हटलं मी. नुसतं, बारकी आली?"

तेवढंच. एक ‘का’ नव्हता. विचारणं आणि सांगणं यात फरक काय, तर शेवटी आवाज वर गेला की खाली आला. आणि आवाज कुठल्या रजिस्टरात लिहीत नाहीत. चष्माचीही वेळ मी दहा पंचावन्नच लिहिलेली, आधी कोण आणि मागून कोण, कसं कळणार? माझी नेटकी पद्धत माझ्या कामी आली. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते मी त्या दिवशी केलं, आणि हात टिपून खोलीवर आले.

दवाखान्यात गेले तेव्हा बारकीच्या आईने माझे दोन्ही हात धरले. "तुम्ही तरी आलात, मावशी. त्या मुलीचं तोंडसुद्धा बघायचं नाही मला." मी हात सोडवून घेतले नाहीत. बारकीचा पाय वर टांगलेला होता. औषधाच्या गुंगीत ती म्हणाली, "मावशी, मी तुम्हाला फोन केला होता ना? आलेच म्हणाले होते ना? की ते खड्ड्यात पडल्यावर स्वप्नात?"

इथे मला संधी होती. एक हो म्हणायचं होतं फक्त.

"नाही गं, बाळा," मी म्हटलं. "फोन नाही आला."

पहिलं खोटं भीतीने निघून गेलं होतं, हे मात्र मी शांतपणे, तिच्या कपाळावरून हात फिरवत बोलले. मला मेलीला हात फिरवतानाही लाज वाटली नाही.

पंधरा दिवसांत निकाल लागला. गेटवर खोटी माहिती दिली म्हणून चष्माने वसतिगृह सोडायचं. तोवर तिच्याबरोबर ताटाला कोणी बसेनासं झालं होतं. मैत्रिणीला टाकून आली आणि वर खोटं बोलली, असं पोरी तिला ऐकू जाईल अशा बेताने बोलायच्या. निघायच्या दिवशी तिची ट्रंक घेऊन तिचे वडील बाहेर गाडीपाशी थांबले होते. ती खिडकीशी आली. किती वाळली होती!

"मावशी," ती म्हणाली, "तुम्हाला नक्की ऐकू आलं ना, मी सांगितलं असं? मी रोज आठवून बघते. आता माझं मलाच कळत नाही."

चोराच्या मनात चांदणं. मी रजिस्टर चाळत म्हटलं, "जे ऐकलं ते सांगितलं गं. मला काय वैर आहे का तुझ्याशी?"

तिने मान हलवली. जणू पटलं. मग सही केली आणि म्हणाली, "जाते, मावशी."

पेन माझ्या हातात होतं. मी ते उचलून धरलं नाही. वेळ लिहिली.

त्यानंतर मी शहाणी झाले. काय उपयोग? पण झाले. तोंड बघितल्याशिवाय एकीचीही वेळ लिहायची नाही. अकराला रांग लावायची, दिव्याखाली उभं करायचं. "मावशी, चोर पकडताय का?" पोरी चिडवायच्या. सोबतिणी एकमेकींबद्दल विचारायला आल्या की मी त्यांना वर पिटाळायची, "मला काय विचारतेस? दार वाजव, डोळ्यांनी बघ!" खाई त्याला खवखवे. जेवण जाईना. बहीण म्हणाली, दाखव कोणाला तरी. काय दाखवू?

मग एका शनिवारी पावणेअकराला फोन. पहिल्या वर्षाची एक पोरगी.

"मावशी, आलेच हं!"

"आलेच म्हणू नकोस!" मी अशी किंचाळले की रांगेतल्या पोरी गप्प झाल्या. "कुठे आहेस? एकटी आहेस का? कोणत्या दिव्याखाली आहेस ते सांग! फोन ठेवू नकोस!"

ती कोपऱ्यावरच होती. चार मिनिटांत आली, हसत, हातात सँडल. मी गेटाच्या बाहेर जाऊन उभी होते. तिचं तोंड दोन्ही हातांत धरून बघितलं. "मावशी, रडताय काय?" ती म्हणाली. साधी सोपी गोष्ट होती. एवढंच करायचं होतं मला त्या रात्री. चार मिनिटं गेटाबाहेर उभं राहायचं होतं.

रविवारी सकाळी मी चिठ्ठी लिहिली. आलेच, दहा पंचावन्न, आली, सगळं लिहिलं. रेक्टरबाईंच्या टेबलावर ती ठेवली आणि वर खोलीची किल्ली ठेवली, नाहीतर मी परत फिरले असते. माझी मला खात्री राहिली नव्हती. मग बारकीच्या गावची गाडी धरली.

बारकीचं वर्ष बुडालं होतं. ती टेबलाशी पुस्तक घेऊन बसली होती, काठी खुर्चीला टेकवलेली. उजवा पाय थोडा आखूड राहिलाय. "या या, मावशी," तिची आई म्हणाली, खुर्ची पुढे केली, पाणी आणायला वळली. बाई स्वभावाने फार मऊ. पाणी हातात यायच्या आत बोलले नाही, तर मग बोलणार नाही, असं मला वाटलं. म्हणून उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

आई पेला घेऊन दारातच थांबली. बारकीने पुस्तक मिटलं.

"म्हणजे मी फोन केला होता."

"हो."

"आणि दवाखान्यात मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

मग तिने मोबाइल उचलला. "तिचा नंबर मी पुसून टाकला होता," ती म्हणाली. "पण पाठ आहे." आकडे दाबले आणि फोन माझ्यापुढे धरला. "मला नका सांगू. तिला सांगा."

"हॅलो?" चष्माचा आवाज.

"बाळा, मी मावशी. गेटवरची." मी फोन दोन्ही हातांनी धरला. "त्या रात्री तू विचारलं होतंस. सांगितलं नव्हतंस. आली, असं मी म्हणाले. मी."



"मी विचारलं होतं?" ती म्हणाली.

"हो गं."

"नक्की?"

"नक्की."

"मी आईबाबांना सांगून टाकलं, मावशी. मीच खोटं बोलले म्हणून. मला वाटायला लागलं होतं, मीच बोलले असेन." आणि मग ती रडायला लागली, लहान मूल रडतं तसं, मोठ्याने, आडपडदा न ठेवता.

बारकीने माझ्या हातातून फोन काढून घेतला. काठी टेकत ती आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. आतून तिचा आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. कळायला नकोच होते, ते माझ्यासाठी नव्हते.

आई अजून पेला धरून उभी होती. तिने तो टेबलावर ठेवला, माझ्यापासून लांबच्या कडेला. मी चप्पल घातली. उंबऱ्यावर थांबले. तोंडात शब्द सवयीचा तयार होता, पण तो उच्चारायचा मला काय अधिकार?

"जाते," मी म्हटलं.

त्या बाईने कोणालाही टोकलं असतं. दारी आलेल्या अनोळखी माणसालाही म्हणाली असती, असं म्हणू नये, येते म्हणावं. तिने माझ्याकडे बघितलं आणि दार लावून घेतलं.